कंपनीचं तोंड

चाचांच्या भट्टीला कोणी भट्टी म्हटलेलं त्यांना खपत नसे. जुन्नरच्या एका बोळात भट्टीची खोली, शेजारी मैद्याची खोली, पुढे फळ्या टाकून केलेलं दुकान, आणि कामाला स्वतः चाचा, त्यांची बायको आणि मेव्हणा. एवढ्याला ते कंपनी म्हणत. दारावरच्या पाटीवर त्यांनी आपलं नाव घातलं नव्हतं, नुसतं ‘टोस कंपनी’ एवढंच रंगवून घेतलं होतं. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “मानूस मरतो, कॉलेज. कंपनी मरत नाय.”

कॉलेज म्हणजे मी. आमची वाडी शिनोलीच्या वर डोंगरात आहे. तिथून हायस्कूलसाठी मी जुन्नरला आलो तेव्हा चाचांच्या मैद्याच्या खोलीवरच्या माळ्यावर राहत असे. त्या वेळी ते मला ‘हायस्कूल’ म्हणत. पुढे पुण्याला कॉलेजात गेलो. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिल्या सुटीत परत आलो तर चाचांनी दारातच हाक मारली, “ये कॉलेज.” एवढ्यावर माझी बढती झाली. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

ते कंपनीविषयी असं बोलत, जणू आत खोलीत कोणी वडीलधारं माणूस बसलेलं आहे. कोणी उधार मागितलं की म्हणत, “कंपनीला इचारावं लागंल.” मग डोळे मिटून क्षणभर उभे राहत आणि डोळे उघडून सांगत, “कंपनी हो म्हनली.” नाही म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. चाची आतून ओरडायची, “तुमची कंपनी आमाला एक दिवस भीक मागायला लावनार.” चाचा मान हलवत. ते त्यांना पटलेलं असे.

अन्नाच्या बाबतीत ते विलक्षण होते. टोसाचा चुरा जमिनीवर पडला तर कितीही घाईत असोत, वाकून उचलत, डोळ्यांना लावत आणि चिमण्यांसाठी वळचणीला ठेवत. भट्टीवर कोणी चप्पल घालून आलं तर ते काही बोलत नसत, नुसते त्या माणसाच्या पायांकडे बघत राहत. मोठमोठे व्यापारी त्या नजरेपुढे ओशाळून माघारी फिरलेले मी पाहिले आहेत.

आणि त्यांची खरं बोलण्याची एक खोडच होती. एकदा भट्टी जास्त तापली आणि टोस करपले. चाचा तेच टोस घेऊन बाजारात बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की आज करपलंय, घेऊ नका, पुढच्या बाजारी या. लोकांना त्याची फार मजा वाटली. करपलेल्या टोसांचा डबा दुपारच्या आत रिकामा झाला. एक म्हातारी मला म्हणाली, “तुजा मालक लई बेरकी हाय. घेऊ नका म्हनतोय, म्हंजी घेतलंच पायजे.” आपण खरं बोललो आणि लोकांनी ते गिऱ्हाईक ओढायची युक्ती समजली, हे चाचांना मात्र काही केल्या उमजत नव्हतं.

आता पहिल्या टोसाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

घोडेगावच्या बाजारात, नारायणगावला, जुन्नरला, कुठेही दुकान मांडलं की चाचा लगेच विक्री सुरू करत नसत. आधी शेजारच्या चहावाल्याकडून कपभर चहा आणवत. मग सगळ्यांसमोर डब्याचं झाकण काढत, वरचा टोस घेत, तो मोडून आतली बाजू लोकांना दाखवत आणि चहात बुडवून सावकाश खात. खाताना एक शब्द बोलत नसत. समोर पोरंबाळं, हिरडा विकायला उतरलेल्या डोंगरातल्या बाया, पाट्या-वरवंट्यांना टाकी लावणारे असे सगळे गप्प उभे राहून त्यांच्या जबड्याकडे बघत. घोट घेतला, कप खाली ठेवला की मग म्हणायचे, “घ्या.” पोट बिघडलं असेल त्या दिवशी ते दुकान मांडतच नसत. मालकानं खाल्ल्याशिवाय टोस घ्यायचा नाही, हे लोकांनाही इतकं अंगवळणी पडलं होतं की उशिरा आलेला माणूस आधी विचारायचा, “म्हाताऱ्यानं खाल्ला का?”

रमजानात पंचाईत व्हायची. चाचांचे रोजे कधी चुकत नसत आणि पहिला टोस खाल्ल्याशिवाय विक्री नाही. त्यावर त्यांनी तोड काढली. मी सुटीत जुन्नरला असलो की रोज्यांच्या महिन्यात पहिला टोस मी खायचा. पहिल्यांदा हे सांगताना ते इतके गंभीर होते की मला हसू आवरेना. म्हणाले, “हसू नको. रोज्यात कंपनीचं तोंड तू. हळू खायचं. बकाबका खाल्लंस तर लोकांना वाटंल, उपाशी ठेवलाय.” मी लाजाळू. शंभर डोळे तोंडाकडे लागलेले असताना मला गिळवत नसे. पण हळूहळू जमलं. बाजारात लोक मला ओळखू लागले. “आलं बघा कंपनीचं तोंड,” असं म्हणत, आणि माझ्या वडिलांना, आबांना, त्याचा उगीचच अभिमान वाटे.

त्या वर्षी रोजे ऐन वैशाखात आले होते. माझ्या थोरल्या बहिणीला नुकतंच बाळ झालं होतं आणि ती आमच्या वाडीवरच होती. घोडेगावच्या बाजारात मी नेहमीप्रमाणे पहिला टोस खाल्ला, चाचा म्हणाले “घ्या”, आणि डबे भराभर रिकामे झाले. आबा आले होते. त्यांच्या हाती मी बहिणीसाठी एक पुडा दिला. आमच्याकडे टोस रोज खायचा पदार्थ नव्हता. आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी, नाहीतर पाहुण्यासाठी तो मडक्यात झाकून ठेवत आणि पुरवून पुरवून वापरत.

दोन-तीन दिवसांनी शिनोलीचा एक माणूस जुन्नरला दुकानी आला आणि त्याने एक पुडा मागितला. चाचांनी विचारलं की बाजारात तर नेला होतास, एवढ्यात संपला? तो म्हणाला, मुलगी आजारी आहे, तिला दुसरं काही चालत नाही. बोलताबोलता त्याने सगळं सांगितलं. आधी मुलीच्या ओठांना, जिभेला मुंग्या येत होत्या, मग उलट्या, आता हात थरथरतात. बिचारीला टोसाशिवाय काही देत नाहीत, पण टोस दिला की परत उलटी होते.

“पोट लई नाजूक झालंय तिचं,” तो म्हणाला. “अजून एक पुडा द्या.”

चाचांचा हात पुड्यावर होता. तो तसाच राहिला. मग ते मैद्याच्या खोलीत गेले. मी मागे गेलो. नव्या पोत्यांपैकी एक अर्धं झालेलं होतं. त्याच्या भोवती जमिनीवर मुंग्या मरून पडल्या होत्या. थोड्याथोडक्या नव्हत्या, पोत्याभोवती काळी कडच उमटली होती. माश्या होत्या. एक झुरळ पाठीवर पडून पाय हलवत होतं. चाचा उकिडवे बसले आणि बराच वेळ त्या झुरळाकडे बघत राहिले.

मेव्हण्याला सगळे मामू म्हणत. पुण्याहून मैदा आणायचं काम त्यांचं. चाचांनी त्यांना बोलावलं आणि जमिनीकडे बोट केलं. मामूंनी आढेवेढे घेतले नाहीत. ज्या ट्रकमधून मैदा आला, त्यातच मलेरियावाल्यांची फवारणीची पावडर होती. तिची एक पिशवी फुटून आमच्या पोत्यावर सांडली होती. “मी झाडून घेतलं व्हतं, वरचं सगळं,” मामू म्हणाले. त्यांचा आवाज खरा होता. पोत्याच्या शिवणीतून पावडर आत उतरेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मला पहिल्यांदा बहीण आठवली. मग ध्यानात आलं की बाजारात मी स्वतः टोस खाल्ला होता आणि मला काहीच झालं नव्हतं. तो डबा आधीच्या मैद्याचा होता. तो वर होता म्हणून तो उघडला गेला, एवढंच. लोकांनी माझं तोंड पाहिलं आणि खालच्या डब्यांतला माल घरी नेला.

चाचा शिनोलीच्या माणसाबरोबर त्याच पावली निघाले. मुलीला त्यांनी स्वतः खांद्यावर टाकून घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले की टोस बंद केले तर मुलगी वाचेल. आणि वाचली. डॉक्टरांनी वर सरकारला लिहून कळवतो असंही सांगितलं. तिकडून जे पत्र यायचं ते पावसाळा लागल्यावर आलं.

पण बाकीचे पुडे डोंगरात होते. कोणाच्या मडक्यात, कोणाच्या शिंक्यावर. ज्या घरात आजारी माणूस, ज्या घरात बाळंतीण, नेमक्या त्याच घरात तो टोस रोज थोडाथोडा पोटात जाणार होता. ही गोष्ट चाचांनी मला सांगितली नाही, पण परत आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले त्यावरून मला ती कळली.

मामूंनी मला कागद दिला. एक हँडबिल छापून वाटू म्हणाले, तू कॉलेजात आहेस, चांगल्या भाषेत लिही. काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं आणि मी त्याला व्याकरण चढवलं. मग चाचा म्हणाले, वाच. मी वाचलं: ‘आमच्या मालाविषयी काही हितशत्रूंनी अपसमज पसरविले असून, आमचा माल पूर्वीप्रमाणेच शुद्ध व सात्त्विक आहे, याची सर्व ग्राहकबंधूंनी खात्री बाळगावी.’

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “ह्यात इख कुठाय?”

मामू समजावू लागले की असं लिहायचं नसतं, मोठ्या कंपन्या अशा वेळी असंच छापतात, आपणच विष म्हटलं तर उद्या कंपनी बंद. हळूहळू लोक आपोआप टोस संपवतील, पुढचा माल चांगला असेल, बोभाटा कशाला. आपोआप संपवतील हे शब्द त्यांनी अगदी साधेपणाने उच्चारले. ते वाईट माणूस नव्हते. म्हणूनच मला जास्त धक्का बसला. चाचांनी कागद माझ्या हातून घेतला, चुलीत घातला आणि दुसरा लिहायला सांगितला. त्यात फक्त ‘आमचे टोस खाऊ नका, त्यात विषारी पावडर आहे’ एवढं होतं. ते लिहून झाल्यावर ते म्हणाले, “आता सांग, शिनोलीच्या वर हे वाचनार कोन?”

वाचणारा मी एकटा होतो आणि मी जुन्नरात होतो.

मग दवंडी दिली. गावोगावच्या दवंडीवाल्याला गाठून चाचांनी ओरडायला लावलं की टोसात पावडर आहे, खाऊ नका, पैसे परत मिळतील. त्याचा परिणाम असा झाला की मला तो सांगताना आजही हसावं की काय करावं कळत नाही. त्या दिवसांत मलेरियाची फवारणी करणारे येणार असले की अशीच दवंडी होई. पावडर मारणार आहेत, अन्न झाकून ठेवा, भांडी बाहेर काढा. लोकांनी दवंडीत पावडर हा शब्द ऐकला आणि सवयीने भांडीकुंडी अंगणात काढली, पोरांना घराबाहेर बसवलं आणि फवारणीवाल्यांची वाट बघत बसले. टोसाचे पुडे तेवढे त्यांनी नीट झाकून ठेवले. पैसे परत मिळणार हे ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं, परत मागतोय म्हणजे टोसाचा भाव वाढणार असेल. त्यांनी ते आणखी आत ठेवले.

चाचा शिनोलीच्या बाजूला पायी फिरले. वैशाखाचं ऊन, तोंडात पाण्याचा थेंब नाही. घरोघर हात जोडून सांगत होते की माझे टोस खाऊ नका. लोकांना करपलेल्या टोसांचा दिवस आठवला. ते हसत म्हणाले, “चाचा, या खेपेला काय नवीन काडलंय?”

मी आमच्या वाडीवर गेलो. बहीण ओसरीवर बाळाला पाजत बसली होती. तिने अजून दोनच टोस खाल्ले होते, त्यामुळे तिला नुसती मळमळ झाली होती. ती म्हणत होती, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे. मी तो पुडा मडक्यातून काढून परसात खड्डा करून पुरला. ती रडायला लागली. म्हणाली, “पुन्याला जाऊन येवढंच शिकलास? बाळंतिनीच्या तोंडचं काडून घ्यायला?” मग मी घरोघर, अगदी आमच्याही वर असलेल्या वरल्या वाडीपर्यंत गेलो. जमेल तितकं नीट समजावलं. कोणी पुडा दिला नाही. आमच्या शेजारचे एक काका होते, ते मला प्रेमाने जवळ बसवून म्हणाले, “लेका, तू आमच्याम्होरं खाल्लास. तुला काय झालं? धडधाकट हुबा हायेस की.”

डबा वेगळा होता, मैदा वेगळा होता, हे सांगत राहिलो. ते ऐकत राहिले आणि हसत राहिले. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी माझं तोंड पाहिलं होतं.

जुन्नरला आल्यावर मी चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजी ते तुजं तोंड धरून बसलेत.” मी म्हटलं, हो. ते डोळे मिटून उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मामू म्हणाले की मग सोपं आहे, नव्या मैद्याचा स्वच्छ माल केलाय, घोडेगावच्या बाजारी कॉलेजला तो खाऊ दे, उरलासुरला संशयही जाईल. चाचांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “चला बाजाराला.”

मी थक्क झालो. इतके दिवस ज्या माणसाला मी ओळखत होतो तो शेवटी मामूंच्या बाजूला गेला, असं मला वाटलं. एस.टी.त त्यांच्याशेजारी बसलो होतो. मी खाणार नाही, असं सांगावं असं सारखं मनात येत होतं. त्यांच्यासमोर माझी जीभच उचलली नाही.

बाजार भरला होता. डोंगरातली माणसं उतरली होती. चहा आला. चाचांनी झाकण काढलं, टोस माझ्या हातात दिला. नेहमीची गर्दी, नेहमीची शांतता. मी टोस मोडून दाखवला, चहात बुडवला आणि तोंडाशी नेला.

आणि माझ्या कानाखाली अशी बसली की डोळ्यांपुढे अंधार आला. टोस खाली धुळीत पडला. कप फुटला. चाचांनी दुसरा हात उगारून ठेवला होता. मग त्यांनी पाय उचलला आणि तो टोस टाचेखाली चिरडला. जमिनीवरचा चुरा डोळ्यांना लावणारा तो माणूस, भर बाजारात, अन्नावर पाय देऊन उभा होता. माझ्या गालापेक्षा मला त्या पायाची भीती वाटली. ते गर्दीकडे बघून म्हणाले, “खाऊ नका. कुनी खाऊ नका.” पण तोपर्यंत आरडाओरडा सुरू झाला होता आणि ते कोणाच्या कानापर्यंत गेलं असेल असं मला वाटत नाही. लोकांनी फक्त पाहिलं. पोराच्या तोंडातला घास मालकाने मारून पाडला.

डबे उचलून आम्ही निघालो तेव्हा मागून शिव्या येत होत्या. स्टँडवर बसल्यावर मी विचारलं, तो टोस खराब होता का?

“चांगला व्हता,” ते म्हणाले. “वाईट असता तर तुज्या हातात दिला असता व्हय?”

बातमी डोंगरात कशी चढली हे मला नंतर कळलं. शिनोलीपर्यंत ती खरी होती. वर जाताजाता माझा ओठ फुटला. आमच्या वाडीत पोहोचली तोवर माझे दोन दात पडले होते. का मारलं, हे त्यात कुठेच नव्हतं. एक टोस खाल्ला म्हणून मारलं, इतकंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोळात गलका झाला. आबा पुढे होते. मागे आमच्या आणि आसपासच्या वाड्यांतली माणसं, कोणाच्या डोक्यावर पाटी, कोणाच्या खांद्यावर गाठोडं. एवढं अंतर ती उन्हात चालून आली होती. आबा उंबऱ्यासमोर उभे राहिले आणि गाठोडं उपडं केलं. टोसाचे पुडे धाडधाड दारात पडले.

“घ्या तुमचं टोस,” आबा म्हणाले. “आमच्या पोराच्या तोंडातलं काडून घेता, तर तुमचं एकबी आमच्या घरात नको.”

मागून एका तरण्या पोराने चाचांच्या जातीचं काही काढलं. आबांनी वळूनही न बघता त्याला गप्प केलं. “जातीचं काडू नको. टोसाचं बोलायला आलोय.”

एकेक जण पुढे येऊन पुडे फेकत होता. काही फुटलेले, काही जसेच्या तसे, दोऱ्याची गाठही न सुटलेले. चाचा उंबऱ्यात उभे होते. मला वाटलं ते हात जोडतील, काही सांगतील. ते नुसते पुडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, “वरल्या वाडीचं आलं का?”

आबांना ते ऐकून इतका संताप आला की त्यांचं ‘तुमी’चं ‘तू’ झालं. “बगा रं ह्येला. आजून मोजतोय. वरल्या वाडीचं उद्या फेकतील तुज्या दारात.”

“उद्या नक्की?” चाचांनी विचारलं.

त्यावर माणसं काय काय बोलली ते मी लिहू शकत नाही. मी पुढे झालो. आबांना सगळं सांगणार होतो. चाचांनी माझा दंड धरून मला आत ओढलं. बाहेर लोकांना वाटलं, आता आणखी मारतो. आत मैद्याच्या खोलीत त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“वरली वाडी ऱ्हायलीय. राग हाय तवर येतील. तू आता सांगितलंस तर राग उतरंल, आन् पुडं घरातच ऱ्हातील.”

“आणि तुमचं नाव?” मी विचारलं.

“पुडं येऊ दे आदी,” ते म्हणाले आणि मला बाहेर ढकललं. आबा मला हाताला धरून घेऊन गेले. वळून पाहिलं तेव्हा चाचा दारात खाली बसून पुडे गोळा करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या आधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. शिव्या खाताना माणूस इतका सुटल्यासारखा दिसू शकतो, हे मला खरं वाटत नव्हतं.

वरली वाडी दुसऱ्या दिवशी जाऊन फेकून आली. ते कळल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. “इख असतं तर सांगितलं असतं की. मारायचं काय काम?” मी म्हटलं, सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही. ते म्हणाले, “शिकलेला झालास म्हनून मालकाची बाजू घेतूस.” पुढे कितीदा तरी सांगितलं. दर वेळी ते उठून गेले. वाडीत कोणी आजारी पडलं नाही, त्यामुळे विष होतं यावर कोणाचा विश्वास बसायला काही कारणच उरलं नाही. उरली ती माझ्या कानाखालची.

दिवाळीच्या सुटीत आलो तेव्हा बोळात नवी पाटी होती. तिच्यावर मामूंचं नाव होतं. बाजारात मामूंचं हँडबिल वाटलं जात होतं, ‘शुद्ध व सात्त्विक’ त्यात होतंच. ज्यांनी पावडर झाडून पोतं आत घेतलं त्यांचं नाव शुद्ध झालं होतं, आणि चाचांचं नाव काढलं की लोक थुंकत होते. चाचा आत भट्टीपुढे टोस भाजत होते. अंगावरचं मांस झडून गेलं होतं. मी तडतडलो तर ते हसले.

“त्येला टोस विकता येतो, मला आता येत नाय. माज्या हातचं कोन घेनार? भट्टी तर पेटली पायजे.” मग म्हणाले, “मला आता बाजार नाय, लई सुख झालंय.” खोटं बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

त्याच सुटीत एकदा मी आबांबरोबर घोडेगावच्या बाजारात होतो. बहिणीच्या बाळाला दात येत होते, त्याला चघळायला टोस हवा होता. आबा मामूंच्या दुकानासमोर उभे राहिले. मला म्हणाले, “ह्यो मानूस बरा. त्या म्हाताऱ्यावानी न्हाई.” त्यांनी पुडा घेतला, दोरा सोडला आणि एक टोस तिथंच खाऊन पाहिला. चाचा टोसात मुठीने बडीशेप घालत, तशीच ह्यातही होती. आबा चावताचावता थांबले.

“तसाच लागतोय,” ते म्हणाले.

“त्यांनीच भाजलाय,” मी म्हटलं. “चाचांनी. ते आत असतात, बाहेर येत नाहीत.”

मला वाटलं ते थुंकतील. त्यांनी घास गिळला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “मग तुला का मारलं त्येनं?”

इतक्या दिवसांत मी हे कितीदा सांगितलं होतं. पण त्यांनी विचारलं पहिल्यांदाच. मी पुन्हा सगळं सांगितलं, मुंग्या, शिनोलीची मुलगी, दवंडी, मडक्यातले पुडे. आजूबाजूला बाजाराचा गलका चालू होता. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी हातातला उरलेला टोस पुड्यात परत ठेवला, दोऱ्याची गाठ मारली आणि विचारलं, “जुन्नरची गाडी किती वाजता हाय?”